देशाचे दिवस पालटणार आहेत, मग मुलाला थांब म्हणू का?

माझ्याकडं सल्ल्यासाठी आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे वडील सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, वय ५१, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. बायको घरी युनिफॉर्मची शिलाई करते. मुलगा २४ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर, सध्या चाकणला कंपनीत आहे. धाकटी महापालिकेच्या शाळेत सातवीत. मुलाला मास्टर्ससाठी जर्मनीला जायचंय, त्यासाठी लोन काढायचंय आणि तारण म्हणून राहतं घर द्यावं लागेल.

वडिलांचं म्हणणं असं की देशाला आता नवा नेता मिळालाय, इतकी वर्षं मतदान केलं पण मनापासून विश्वास बसावा असा माणूस पहिल्यांदाच दिसतोय, पुढची पाच वर्षं देशाची आहेत, मग आत्ताच कशाला जायचं बाहेर, थोडं थांब, सगळं इथंच मिळेल. मुलगा म्हणाला, "आजोबा पण असंच मिल चालू व्हायची वाट बघत बसले होते." आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर त्यांच्या मेव्हण्यानं दोन माग अर्ध्या भागीत चालवायला देऊ केले होते, ते त्यांनी घेतले नाहीत, कारण प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी मिल चालू करतो म्हणायचं आणि ते खरं मानायचे. शेवटी वॉचमनची नोकरी केली. पत्र लिहिणारे तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, कॉलेज सोडून कारखान्यात लागले.

मुलाच्या त्या वाक्यापासून घरात दोघांचं धड बोलणं नाही. वडील विचारतात, "पोराला कसं समजवू? आणि खरं सांगा, माझी आशा चुकीची आहे का?"

दादा, नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय तुम्ही. नाही, तुमची आशा चुकीची नाही. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन आपल्या गल्लीचा, आपल्या पगाराचा नाही तर सगळ्या देशाचा विचार करतो, त्याला वाटतं की माझ्या पोरांना माझ्यापेक्षा बरे दिवस यावेत, यात लाजण्यासारखं काय आहे? कुणी तुम्हाला भोळा म्हणत असेल तर म्हणू दे. ज्यांना कशाचंच काही वाटेनासं झालंय ते शहाणे आणि तुम्ही वेडे, असं मी तरी मानणार नाही.

तुमच्या पत्रातून नेत्याचं नाव मी मुद्दाम काढलंय. अशी पत्रं मला आधीही आलीत, नाव वेगळं, पक्ष वेगळा, पण वाक्यं जवळपास हीच. नाव ठेवलं असतं तर वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं, निम्म्यांनी शिव्या घातल्या असत्या, आणि तुमच्या पोराचा विषय राहिला असता बाजूला. तो नेता चांगला का वाईट हे मी ठरवणार नाही. समजा तो तुम्ही म्हणता तितकाच चांगला आहे, कष्टाळू आहे, स्वच्छ आहे. तरीसुद्धा तुमच्या मुलानं थांबावं का, एवढंच बघूया.

तुम्ही दोन गोष्टी एकात एक गुंतवल्यात. देशाचं भलं होईल ही एक. आणि ते पाच वर्षांत होईल, सोलापूरपर्यंत पोचेल, आणि माझ्या मुलाच्या हाताला त्याच्या शिक्षणाला साजेसं काम मिळेल, ही दुसरी. पहिलीवर विश्वास ठेवायला मोठं मन लागतं आणि ते तुमच्याकडे आहे. दुसरीसाठी मात्र हिशोब लागतो, आणि तो पत्रात कुठंच दिसला नाही. तुम्ही कारखान्यात रोज हिशोब करता की, सुताचा भाव वाढला की मालक काय म्हणतो, परदेशातली ऑर्डर अडकली की किती माग बंद ठेवावे लागतात, विजेचं युनिट महागलं की पहिली शिफ्ट कुणाची जाते, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहितीय. यातलं किती दिल्लीत बसलेल्या माणसाच्या हातात आहे ते तुम्हीच सांगा. काही आहे, नाही असं नाही, आयात-निर्यातीचे नियम आहेत, कर आहेत, इतर देशांशी करार आहेत. पण विजेचे दर राज्यात ठरतात, रस्ता आणि पाणी महापालिकेकडं, कापसाचं पीक पावसावर, आणि गिऱ्हाईक कुठल्यातरी तिसऱ्याच देशात. एक माणूस बदलला म्हणून हे सगळं एकदम बदलत नाही, बदललं तरी वेळ लागतो.

किती वेळ लागतो हे आपल्याच राज्यातल्या एका गोष्टीवरून सांगते. रोजगार हमी. मागेल त्याला काम ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडली, १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगावकडं करून बघितली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर लागली, आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, खडी फोडायला कोण कोण गेलं होतं आणि तेव्हा खायला सुकडी कशी मिळायची ते सांगतील. विधिमंडळात कायदा झाला १९७७ ला, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून, आणि देशभरासाठी तसा कायदा व्हायला २००५ उजाडलं. तासगावपासून दिल्लीपर्यंत पोचायला ४० वर्षं. मधे किती पंतप्रधान झाले, किती मुख्यमंत्री झाले, मोजा. आणि ही चांगली गोष्ट आहे बरं का, यशस्वी झालेली गोष्ट आहे, लोकांना जगवणारी गोष्ट आहे. तिलासुद्धा एवढा काळ लागला.

तुमच्यासारखी आशा याआधीही लोकांनी ठेवलीय. १९७७ च्या मार्चमध्ये जनता पक्षाचं सरकार आलं तेव्हा देशानं दिवाळी केली होती, आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंना राजीनामा द्यावा लागला. १९८४ च्या शेवटी राजीव गांधींना चारशेच्या वर जागा मिळाल्या, तरुण माणूस, नवी भाषा, सगळ्यांना वाटलं आता काय बघायला नको, १९८९ ला सत्ता गेली. म्हणून तेव्हा आशा ठेवणारे मूर्ख होते का? मुळीच नाही. जनता सरकारनं १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती करून आणीबाणी लादणं अवघड करून ठेवलं, ते आजही आपल्या कामाचं आहे. आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते राजीव गांधींच्या काळात, १९८९ ला. तुमच्या वयावरून बघितलं तर त्यामुळंच तुम्ही तीन वर्षं आधी मतदार झालात. म्हणजे नव्या नेत्याकडून खरंच काहीतरी मिळतं, पण आपण ज्याची वाट बघत बसलेलो असतो तेच मिळेल आणि आपल्याला पाहिजे तेव्हाच मिळेल, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. वाट बघणाऱ्याचं वय मात्र रोज वाढत राहतं.

आता तुमच्या मुलाच्या वाक्याकडं येते. ते लागलं तुम्हाला, लागणारच, वडिलांबद्दल असं बोललेलं कुणाला सोसेल? शब्द चुकलेच त्याचे. पण दादा, तुम्ही पत्रात जे लिहिलंय त्यात ते दोन माग आहेत ना, माझं मन तिथंच अडकलं. मेव्हणा घरचा माणूस, माग चालू स्थितीत, भागी अर्धी, आणि पूर्व भागात तर तेव्हा घराघरात तेच चालू होतं, खाली माग आणि वर बिऱ्हाड. साठच्या दशकात सोलापूरची 'जुनी मिल' बंद पडली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूचा भोंगा थांबला, तरीही सोलापूरचा टॉवेल आणि सोलापूरची चादर दोन्हींना पुढं भौगोलिक मानांकन मिळालं, ते या गल्ल्यांमधल्या मागांच्या जिवावर. तुमचे वडील आळशी नव्हते, त्यांना विणकाम येत होतं, त्यांनी माग नाकारले ते फक्त एका कारणानं, कुणीतरी वरचा माणूस येईल आणि मिल चालू करेल म्हणून. आणि त्या थांबण्याची किंमत त्यांनी एकट्यानं दिली का? तुमचं बी.कॉम. राहिलं ते कशानं?

हे तुमच्या वडिलांना नावं ठेवायला मी लिहीत नाहीये. त्यांची निष्ठा होती त्या मिलवर, आयुष्य काढलं होतं तिथं. पण त्यांच्या आशेची किंमत तुम्ही दिलीत, एकविशीत कारखान्यात उभं राहून. आता तुमच्या आशेची किंमत तुमच्या मुलानं द्यायची का? त्यानं त्या वाक्यात हेच विचारलं, वाईट पद्धतीनं विचारलं, पण विचारलं हेच. माझं मत सरळ सांगते. आशा आपल्या स्वतःच्या वेळेवर ठेवावी, स्वतःच्या कष्टावर ठेवावी. दुसऱ्याच्या वयावर ठेवू नये, मग तो दुसरा पोटचा मुलगा का असेना. २४ ते २९ ही पाच वर्षं त्याची आहेत, ती परत येत नाहीत.

मुलगा बाहेर जातोय म्हणजे त्याचा देशावर विश्वास नाही, असंही तुम्ही धरून चाललाय. हे कशावरून? आपल्याच सोलापुरात जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथंच वारले, त्यांना कुणी देश सोडून गेलेला म्हणतं का? तुमचा मुलगा काही युद्धावर निघाला नाही, शिकायला निघालाय, पण मुद्दा तोच, माणूस कुठं राहतो त्यावरून त्याची माया मोजायची नसते. आणि तुमचा नवा नेता खरोखर तुम्ही म्हणता तसा निघाला, तर उलट पाच-सहा वर्षांनी इथं चांगले कारखाने, चांगली संशोधन केंद्रं उभी राहतील, तेव्हा शिकून आलेल्या माणसाला इथं जास्त किंमत असेल. तुमचा विश्वास खरा असेल तर त्याच्या जाण्यानं तुमचं नुकसान नाही. आणि विश्वास खोटा ठरला तर त्याच्या थांबण्यानं त्याचं नुकसान आहे. कसंही बघितलं तरी थांबवण्याच्या बाजूनं काही निघत नाही.

मग तुम्ही थांब का म्हणताय? मला जे वाटलं ते लिहिते, चुकलं तर सोडून द्या. तुम्हाला भीती वाटतेय. घर तारण जाणार, मुलगी लहान, तुमचं वय वाढतंय, पोरगा गेला आणि तिकडंच राहिला तर घरात एक दिवस तुम्ही दोघंच, आणि लोन फिटलं नाही तर ते घरसुद्धा नाही. ही भीती शंभर टक्के रास्त आहे. पण "मला भीती वाटते" हे मुलाला सांगणं बापाला जड जातं, त्यापेक्षा "देशाचे दिवस येणार आहेत" हे सांगणं सोपं. आपल्याकडच्या बापांचं हे नेहमीचंच आहे, मनातली काळजी ते बातम्यांच्या भाषेत बोलतात. आणि मग पोरगा बातमीला उत्तर देतो, काळजी तशीच राहते. त्याच्याशी बोलताना एकदा देश, नेता, पक्ष सगळं बाजूला ठेवा आणि सांगा, "घर गहाण टाकायला माझा जीव घाबरतो रे." बघा तो काय म्हणतो. मला वाटतं तुम्ही इतके आठवडे जे भांडताय ते भांडणच तिथं संपेल आणि कामाचं बोलणं चालू होईल.

कामाचं म्हणजे आकड्यांचं. कारण त्याचा जर्मनीचा बेत पक्का विचार केलेला आहे का रील बघून ठरवलेला, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, घर तुमचं आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते किंवा अगदी थोडी असते, पण बाडेन-वुर्टेमबर्ग नावाच्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानंही अलीकडं परदेशी विद्यार्थ्यांना फी लावलीय. व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून दाखवावा लागतो, सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे साधारण बारा लाखांच्या आसपास धरा. ते पैसे बुडत नाहीत, तोच पैसा दर महिन्याला त्याला खर्चायला मिळतो, पण आधी उभे करावे लागतात. भारतातल्या विद्यार्थ्यांना एपीएस नावाचं कागदपत्र तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, त्याला वेळ जातो. शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, आणि डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करायच्या आधी जर्मन दूतावासाच्या वेबसाइटवर आत्ताचा आकडा बघायला सांगा, ओळखीच्या कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

त्याला विचारायचे प्रश्न असे. विद्यापीठ सरकारी आहे का खासगी? एजंट बऱ्याचदा खासगी विद्यापीठ गळ्यात मारतात, तिथं प्रवेश लगेच मिळतो आणि फी डोंगराएवढी असते, तुमचं घर जर त्यासाठी तारण जाणार असेल तर मी म्हणेन नको. जर्मन भाषा किती शिकलास? कोर्स इंग्रजीत मिळतो पण मेकॅनिकलची नोकरी हवी तर तिथल्या कारखान्यात जर्मन बोलावं लागतं, आणि जो मुलगा चाकणला नोकरी करून संध्याकाळी भाषेचा क्लास करतोय तो खरा तयारीत आहे असं समजा. लोन नेमकं किती हवंय? साधारणपणे साडेसात लाखांच्या आत असेल तर सरकारी बँका तारण मागत नाहीत, त्याच्या वर गेलं की मागतात. म्हणजे त्यानं अजून एखादं वर्ष नोकरी करून पैसे साठवले, सरकारी विद्यापीठ धरलं आणि लोन साडेसात लाखांत बसवलं तर घराला हातच लावावा लागणार नाही. ही मधली वाट तुम्हा दोघांनाही सुचली नाही, कारण दोघंही नेत्यावरच बोलत बसलात. आणि हे थांबणं वेगळं आहे बरं का, यात तारीख आहे, रक्कम आहे, थांबायचं कशासाठी ते दोघांनाही माहिती आहे. आजोबा थांबले त्यात यातलं काहीच नव्हतं.

मुलगा हे वाचत असेल तर त्यालाही सांगायचंय. बाळा, तुझे वडील बातम्या बघून भारावतात म्हणून ते तुझ्यापेक्षा कमी शहाणे होत नाहीत. तू आजोबांचं नाव ज्या पद्धतीनं घेतलंस त्याची माफी माग. मुद्दा तुझा बरोबर आहे, माफी मागितल्यानं तो कमी होत नाही.

आता त्या आशेचं काय करायचं? कारण मुलगा गेला काय आणि राहिला काय, ती तुमच्यात आहे, आणि मला ती वाया जायला नकोय. तुम्ही कुंभारीकडं गेलाय का कधी, रे नगरला? नाहीतर एकदा जाऊन या. विडी कामगार बायका, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, अशांसाठी ३०,००० घरांची वसाहत. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांनीच पहिल्या १५,००० घरांचा ताबा दिला. त्याच्या आधी कुंभारीलाच कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची १०,००० घरं झाली, ती २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. पंतप्रधान दोन, पक्ष दोन, दोघं एकमेकांच्या विरोधातले, आणि दोन्ही वेळा पाठपुरावा करणारी माणसं मात्र एकच, लाल बावट्याची युनियन, तिचे नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या मागं चालणाऱ्या हजारो विड्या वळणाऱ्या बायका. मोर्चे काढले, अर्ज भरले, स्वतःच्या मजुरीतून आपला वाटा भरला, कागद घेऊन मुंबई-दिल्ली केली. वर कोण बसलंय ते बघून त्या थांबल्या नाहीत. जो आला त्याच्याकडून काम करून घेतलं. नेत्याचा उपयोग असा करून घ्यायचा असतो, दादा. त्याच्याकडं नुसतं बघत बसायचं नसतं.

हे आपल्या शहराच्या रक्तातच आहे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, म्हणजे ज्यांच्यावर सगळ्या देशाची आशा तो नेता तुरुंगात, आणि त्याच आठवड्यात सोलापुरात पोलीस मागं हटले आणि तीन दिवस शहराचा कारभार लोकांनी सांभाळला. पुढं मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. त्यातलं कुणी मोठं पुढारी नव्हतं हो, तुमच्याआमच्यासारखी गावातली माणसं.

तुमची धाकटी महापालिकेच्या शाळेत आहे ना, मग शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं त्या शाळेत व्यवस्थापन समिती असायलाच पाहिजे, आणि तिच्यात पाऊण भाग सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या बायका असल्या पाहिजेत. तुमच्या शाळेत ती आहे का? शेवटची बैठक कधी झाली? मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का? सातवीच्या वर्गाला गणिताला शिक्षक आहे का? यातलं तुम्हाला काही माहिती नसेल, आणि नवा नेता कुठल्या देशात काय बोलला हे पाठ असेल, तर आशा चुकीच्या जागी खर्च होतेय असं मी म्हणेन. देशाचं भवितव्य तुमच्या घरातून रोज सकाळी दप्तर घेऊन त्या शाळेत जातंय. समितीत जा, वहिनींना पाठवा. गल्लीत पाणी किती दिवसांआड येतं, टाकीचं काम का अडलंय, याची माहिती मागायला माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचं तिकीट लागतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दाखल्यासाठी कुणी खेटे घालायला लावत असेल तर राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदत ठरलेली असते, मुदत टळली की अपील करता येतं. ही कामं कंटाळवाणी आहेत, यात टाळ्या नाहीत, पण सरकार कुणाचंही असो, ती तुमच्या हातात राहतात.

आणि नेत्याबद्दल एक करा. त्यानं दिलेल्या आश्वासनांपैकी तुम्हाला खरंच महत्त्वाची वाटतात ती तीन-चार एका वहीत लिहा, बाजूला लिहा की हे झालं असं मी कधी म्हणेन आणि कशावरून म्हणेन. "रोजगार वाढेल" असं मोघम लिहू नका, "आपल्या एमआयडीसीत नवीन कारखाने येतील आणि माझ्या कारखान्यातल्या पोरांना बारा तासांऐवजी आठ तासांत पुरेल एवढा पगार मिळेल" असं लिहा. दर वर्षी दिवाळीला वही उघडा. झालं असेल तर मोठ्या मनानं म्हणा झालं, नसेल तर आपल्या आवडत्या माणसालाही विचारायला कचरू नका, पत्र लिहा, खासदारांच्या ऑफिसात जाऊन विचारा. ज्याच्यावर आपण इतका जीव लावतो त्याला एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहेच, आणि तो खरा असेल तर त्याला राग येणार नाही.

इतर वाचकांसाठी मधेच सांगते, याच्या बरोबर उलटी पत्रंही येतात. "या देशात आता काही राहिलं नाही, मुलीला काहीही करून बाहेर पाठवायचंय." मुलगी इथं चांगली रमलेली असते, नोकरी असते, मैत्रिणी असतात, पण आईवडिलांना निवडणुकीचा निकाल पटलेला नसतो. त्यांनाही माझं हेच उत्तर आहे. निकाल तुमच्या मनासारखा लागला म्हणून पोरांना थांबवू नका आणि मनाविरुद्ध लागला म्हणून ढकलू नका. पोराचं शिक्षण काय, जमतं काय, पैसे किती, घराची गरज काय, यावर ठरवा.

शेवटी एक राहतंय, दादा. अख्ख्या पत्रात वहिनी एकदाच येतात, शिलाई करतात एवढ्यापुरत्या. त्यांना काय वाटतं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. पोरगा त्यांचाही आहे, शिलाईचे पैसे त्या घरात गेलेत, आणि घर जर दोघांच्या नावावर असेल तर बँकेत त्यांचीही सही लागणार. आधी त्यांच्याशी बसा, मुलाशी नंतर. तो चाकणहून सुट्टीला येईल तेव्हा तिघं मिळून कागद-पेन घेऊन बसा, त्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेवा. मग काय ठरलं ते मला कळवा, आणि या वेळी पत्रात वहिनींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.